गाडीचा नियम आणि एस्तेरची बडतर्फी

निवृत्त माणसाला कॅनडात दोन गोष्टींपासून जपावं लागतं. एक, ड्राइव्हवेवरचा न दिसणारा बर्फ. दुसरी, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात फराळाच्या रांगेत मागे उभं राहून "तुम्ही हल्ली मोकळेच असता ना?" असं विचारणारी व्यक्ती. बर्फावर मी अजून घसरलेलो नाही. रांगेत मात्र साफ आडवा झालो.

मागे उभ्या होत्या रिबेकाताई. मूळच्या रेवदंड्याच्या बेने इस्रायल ज्यू कुटुंबातल्या, टोरांटोत नर्स म्हणून उभा जन्म काढलेल्या, आता एटोबिकोतल्या एका कॉन्डोत राहणाऱ्या. बोलणं कोकणातलं आणि शिस्त वॉर्डातली. त्यांनी माझ्या प्लेटमध्ये एक जास्तीची चकली ठेवली आणि म्हणाल्या, "अरे सुरेश, आमच्या बोर्डावर ये. फार काम नसतं."

हे वाक्य ऐकताना माझ्या तोंडात चकली होती, एवढाच माझा बचाव.

त्यांचं फाउंडेशन दक्षिण मलावीत, नदीकाठच्या एका गावात, गरोदर बायकांसाठी घर चालवतं. दवाखाना लांब, रस्ते कच्चे. ऐन वेळी निघून उपयोग नाही, म्हणून बायका आधीच या घरी येऊन राहतात, वेळ आली की घरची गाडी त्यांना दवाखान्यात पोचवते. इंग्रजीत या घराला रुक्ष नाव आहे. रिबेकाताई मराठीत त्याला 'माहेरघर' म्हणतात, आणि त्याहून चांगलं नाव मला आजवर सुचलेलं नाही.

आता बोर्ड म्हणजे काय ते सांगतो, कारण माझ्या बायकोला ते अजून पटलेलं नाही. बोर्ड म्हणजे सातआठ माणसं, ज्यांना पगार नसतो, पण जबाबदारी सगळी त्यांचीच. लोक विश्वासाने देणगी देतात. ती परदेशात जाते, तेव्हा तिचं तिथे नेमकं काय झालं हे आम्ही सांगू शकलो पाहिजे, असा इथला कायदा. म्हणून आम्ही बैठका घेतो, ठराव करतो, हात वर करतो. ठरलेल्या संख्येइतकी माणसं हजर नसतील, म्हणजे कोरम नसेल, तर वर केलेला हात खाली घेतो. बैठका रिबेकाताईंच्या कॉन्डोतल्या पार्टीरूममध्ये होतात. शेजारीच व्यायामशाळा आहे. मलावीतल्या बायकांच्या आरोग्यावरची आमची सगळी चिंता ट्रेडमिलच्या धडधडीत चालते.

"म्हणजे तुम्ही तिथे जाऊन काय करता?" बायकोने विचारलं.

"जात नाही. इथूनच दिशा देतो."

"ओकव्हिलहून?"

"एटोबिकोहून," मी म्हणालो. त्यानं तिचं समाधान झालं नाही.

दिशा देण्याच्या माझ्या पहिल्या दोन प्रयत्नांबद्दल थोडक्यात सांगतो. आमच्याच ओकव्हिलच्या एक आजीबाई खोकंभर लोकरीच्या टोप्या विणून घेऊन आल्या, मलावीला पाठवा म्हणाल्या. मी त्यांना आफ्रिकेतल्या उन्हावर एक छोटंसं, गोड शब्दांतलं व्याख्यान दिलं. रिबेकाताईंनी मागून येऊन खोकं उचललं आणि म्हणाल्या, "बाळ जन्मलं की आधी डोक्यातून गारठतं. इंजिनीयर, बाजूला हो." त्या टोप्यांना तिथे इतकी मागणी आली, की मी आजीबाईंच्या दारात लोकर घेऊन उभा राहिलो.

दुसरा प्रयत्न माहेरघराच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाचा. ते इथल्या देणगीदारांना मोठ्या पडद्यावर थेट दाखवायचं होतं. वेळ मी जमवली होती. मार्चमध्ये आपण घड्याळं पुढे करतो आणि मलावी करत नाही, एवढंच विसरलो. सगळे देणगीदार तासभर आधी आले आणि पडद्यावर रिकाम्या खुर्च्या व उद्घाटनाची केळीची पानं खाणारी एक शेळी बघत बसले. मी शेवटी शेळीवरच बोलायला लागलो. कार्यक्रम संपल्यावर तिघांनी माझ्याकडे शेळीची चौकशी केली, इमारतीची एकानेही नाही.

त्या उद्घाटनालाच मी एस्तेरला पहिल्यांदा पडद्यावर नीट पाहिलं. एस्तेर म्हणजे आमची तिथली प्रकल्प प्रमुख. सुईणीचं शिक्षण घेतलेली, पन्नाशीची, आवाज असा की माइक देऊ नये. रिबेकाताईंना तिचं नाव ऐकूनच माया आली. "आमच्यातलंच नाव की," म्हणाल्या. मला ती 'बाम्बो' म्हणायची. बाम्बो म्हणजे बाबा. मी काही महिने या आदराने भारावून होतो. पुढे कळलं, की तिकडे कुठल्याही बाप्याला बाम्बोच म्हणतात, पंक्चर काढणाऱ्यालाही.

आता मुख्य गोष्ट.

माहेरघराची गाडी म्हणजे चिखलातून जाणारी, उंच चाकांची. त्या पंचक्रोशीत तशी दुसरी नाही. एकदा एका देणगीदाराने आम्हाला एक फोटो पाठवला. आमच्या गाडीला फुलांच्या माळा, पुढच्या सीटवर नवरदेव, टपावर बँड. तिथल्या एका पुढाऱ्याने पुतण्याच्या लग्नासाठी ती एस्तेरकडून जवळजवळ दमदाटीने नेली होती. बोर्डात गदारोळ झाला. "नियम हवा," सगळे म्हणाले आणि माझ्याकडे बघू लागले, कारण मी आयुष्यभर प्रांतिक सरकारच्या रस्ते खात्यात बसून कंत्राटांच्या अटी लिहिल्या होत्या. कंत्राटदार वाचताना घाम पुसत असे, अशा अटी. एवढ्यात माझी कुणाला गरज पडली नव्हती. मी बाह्या सरसावल्या.

नियम असा झाला: गाडी गरोदर बायकांना दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठीच वापरायची. दुसऱ्या कुठल्याही कामाला बोर्डाची पूर्वपरवानगी हवी, तीही पूर्ण कोरम असताना. परवानगीशिवाय वापर झाला, तर प्रकल्प प्रमुखाला पदावरून दूर केलं जाईल. अपवाद नाही.

'अपवाद नाही' हे दोन शब्द मी स्वतःच्या आनंदासाठी घातले होते. बोर्डाने टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन बायकोला नियम वाचून दाखवला. ती म्हणाली, "भाजीत मीठ बघा जरा."

त्यानंतरच्या जानेवारीत एका सकाळी मी ड्राइव्हवे शोव्हल करत होतो. आमच्याकडे हिम आणि त्यांच्याकडे पावसाळा, एकाच वेळी. खिशात फोन वाजला. एस्तेर होती, मागे धो धो पाऊस.

"बाम्बो, नदी चढतेय. माहेरघरातल्या बायका मी वर शाळेत हलवल्या, ते नियमात बसतं की नाही देव जाणे. पण खालच्या वस्तीत म्हातारे आहेत, पोरं आहेत. त्यांना गाडी हवीय. तुमचा नियम आहे, म्हणून परवानगी मागते."

"थांब," मी म्हणालो, "आत्ता घेतो."

शोव्हल बर्फात तसंच उभं रोवून मी आत धावलो. व्हिडिओवर रिबेकाताई लगेच आल्या. खजिनदार आले. मी धरून तीन. कोरमला चार हवेत. बाकीच्यांपैकी दोघे फ्लोरिडाला सूर्य शोधायला गेले होते आणि फोन बंद करून त्यांना तो सापडला होता. एकाचा गुडघा त्याच सकाळी बदलला जात होता. राहिला गॉर्डन. ओटावाचा निवृत्त मुख्याध्यापक, माणूस देव, फक्त हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरच्या खोपटात बसून बर्फाला भोक पाडून मासे धरतो आणि फोन थर्मासमागे ठेवतो.

मी त्याला किती वेळा फोन लावला ते विचारू नका. रिबेकाताई पडद्यावरून नुसत्या बघत होत्या. एरवी बडबड करणाऱ्या बाई गप्प बसल्या, की मला माझ्या खात्यातले सगळे साहेब एकदम आठवतात.

"ताई, तिघांनी हो म्हटलं तर?"

"नियमात काय लिहिलंयस?"

"पूर्ण कोरम."

"मग लाव फोन."

एकदाचा गॉर्डन आला. डोक्यावर कानटोपी, मिशीवर बर्फ. "सुरेश! एक जबरदस्त वॉलाय लागलाय गळाला!"

"गॉर्डन, हात वर कर."

"हातात मासा आहे."

"मग मासा वर कर!"

त्याने गळ सोडला, हात वर केला. ठराव मंजूर. मी लगेच एस्तेरला फोन लावला. पाऊस थांबलेला वाटत होता. मागे पोरांचा कलकलाट आणि भांड्यांचे आवाज.

"एस्तेर, परवानगी मिळाली! ने गाडी!"

"थँक यू, बाम्बो. सगळे वर आलेत. शेवटची खेप दुपारीच झाली. आता लापशी वाढतोय."

"दुपारी?" मी हिशेब केला. त्यांची दुपार म्हणजे आमची सकाळ. "म्हणजे तू मला फोन केलास तेव्हा..."

"तेव्हा निम्मे वर आले होते."

"मग विचारलंस कशाला?"

"तुम्ही विचारायला सांगितलं होतं. म्हणून विचारलं. वाट बघणं जमलं नाही, नदी तुमच्या बोर्डावर नाहीये."

खालची वस्ती त्या संध्याकाळी छपरापर्यंत पाण्यात होती. माणूस एकही गेलं नाही. मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा खुर्चीत नीट बसलो. मग माझ्या लक्षात आलं, की माझ्याच नियमाने एस्तेरची नोकरी गेली होती.

मी रिबेकाताईंना सुचवलं, की आपण ठराव काल झाला असं लिहू. इकडेतिकडे जरासंच. ताई म्हणाल्या, "वॉर्डात मी कित्येकदा औषध आधी दिलंय आणि डॉक्टरची परवानगी नंतर घेतलीय. पण वेळ खरी लिहिलीय. तू बाईला वाचवायला खोटं लिहिशील, उद्या दुसरा कुणी स्वतःला वाचवायला लिहील."

पुढच्या आठवड्यात पार्टीरूममध्ये बैठक बसली. विषय एकच, एस्तेर राहणार की जाणार. ती गेली तर माहेरघर चालवायला आमच्याकडे दुसरं कुणी नव्हतं, आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. गॉर्डन ओटावाहून स्वतः गाडी चालवत आला होता. एस्तेर पडद्यावर होती, पाठीमागे शाळेची भिंत.

मी भाषण तयार करून नेलं होतं. नियम माझा, चूक माझी, तो आजच्या आज रद्द करावा आणि एस्तेरचं अभिनंदन करावं, असा ठराव मांडला. खाली बसलो तर टाळ्या सुरू होणार, एवढ्यात एस्तेर म्हणाली, "माझा विरोध आहे."

"कशाला?"

"नियम रद्द करायला. बाम्बो, तुमचा नियम फार कामाचा आहे. तो मी इंग्रजीत आणि आमच्या भाषेत दारावर लावलाय. तो पुढारी येतो ना, लग्नाला, सभेला, बायकोच्या आत्याच्या बारशाला गाडी मागायला, त्याला मी दाराकडे बोट दाखवते. सांगते, साहेब, माझं काही म्हणणं नाही, पण त्या कॅनडातल्या लोकांचं डोकं फिरलेलं आहे, माझी नोकरी घेतील. तो दोन शब्द बोटाने वाचतो, 'अपवाद नाही', आणि परत जातो."

मला आयुष्यात माझ्या लिखाणाबद्दल मिळालेली ही सर्वांत मोठी दाद.

"आणि आता," ती पुढे म्हणाली, "सगळं गाव बघतंय, मला काढतात का. तो पुढारीही बघतोय. मला नाही काढलं, तर उद्या सकाळी तो फुलांच्या माळा घेऊन दारात."

मग रिबेकाताईंनी चष्मा काढला, पुसला आणि मराठीत मला म्हणाल्या, "बाई खरं बोलतेय. काढू या." आणि तेच इंग्रजीत सर्वांना सांगितलं, वर जोडलं, "आणि त्यानंतरच्या ठरावाने परत नेमू या. दोन्ही खरंखुरं लिहू."

गॉर्डन म्हणाला, "मी शाळेत तीस वर्षं हे करायला घाबरलो."

पहिला ठराव झाला. हात वर करताना माझा खांदा दुखला, एवढं सांगतो. रिबेकाताई पडद्याकडे बघून गंभीरपणे म्हणाल्या, "एस्तेर, तुला पदावरून दूर केलं आहे."

"थँक यू," एस्तेर म्हणाली, खुर्चीत मागे रेलली आणि पायातली चप्पल काढल्याचा आवाज आला. "म्हणजे आता मी तुमची नोकर नाही?"

"पुढच्या ठरावापर्यंत नाही."

"मग बोलते. मिस्टर गॉर्डन, नेतृत्वावरचे तुमचे लांब ईमेल मी उघडत नाही. बाम्बो, तुम्ही प्रत्येक फोटोत बायकांना हसायला सांगा म्हणता. नववा महिना, पाय सुजलेले, अंगावर माश्या. तुम्ही हसून दाखवा." आवाज जरा खाली आला. "आणि त्या दिवशी मी एका म्हातारीला पाठीवरून गाडीत चढवत होते. पाणी गुडघ्याला. तेव्हा माझ्या डोक्यात काय चाललं होतं ठाऊक आहे? उद्या ही माणसं माझ्या बाजूने उभी राहतील की नाही. म्हातारी पाठीवर असताना मला हा विचार करावा लागू नये. बस."

खजिनदारांनी नाक शिंकरलं. दुसरा ठराव मी मांडला, गॉर्डनने अनुमोदन दिलं, सगळ्यांचे हात एकदम वर गेले. माझे दोन्ही गेले, रिबेकाताईंनी एक खाली करायला लावला.

"एस्तेर, तुझी पुन्हा नेमणूक झाली आहे. अभिनंदन!"

पडद्यावर ती तशीच रेलून बसलेली. "मला कुणी विचारलं?"

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. इतके ठराव, इतका कोरम, एवढा दांडगा नियम लिहिणारा इंजिनीयर, आणि तिला यायचंय का हे विचारायचं एकालाही सुचलं नव्हतं.

"मी विचार करून सांगते," ती म्हणाली. "माझंही इथे बोर्ड आहे. घरातल्या बायका आहेत, वस्तीतले मोठे लोक आहेत. त्यांना विचारते." आणि पडदा काळा झाला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते बायकोला विचारा. मी तिला दर तासाला सांगत होतो, की एस्तेर येईल. ती म्हणायची, "नाही आली तर तुम्ही जा." कधी नव्हे ते मी जेवणात मीठ बघायला विसरलो. रिबेकाताई रोज फोन करायच्या, "आला का रे फोन?" बोर्डात आल्यापासून कुणाच्या तरी परवानगीची वाट बघत मी पहिल्यांदाच बसलो होतो, आणि ते काम किती जड आहे हे ध्यानात येत होतं.

आठवड्याच्या शेवटी एस्तेरने बैठक बोलवायला सांगितली. तिने. आम्ही झाडून सगळे हजर. फ्लोरिडावालेही भाजून लाल होऊन परतले होते, नव्या गुडघ्यावालाही काठी टेकत आला होता.

"सगळ्या बाजाराने मला बेकार फिरताना बघितलं," ती म्हणाली. चेहरा चांगला टवटवीत दिसत होता. "लेकीकडे जाऊन झोपले. घर मी नसताना माझ्या हाताखालच्या मर्सीने चालवलं, दोन बाळंतपणं नीट झाली. पुढारी माझं सांत्वन करायला आला होता. कॅनडाची माणसं दगड आहेत म्हणाला. मी म्हटलं, हो, फार दगड. गाडीचा विषय त्याने काढला नाही."

"आणि तुझं काय ठरलं?" रिबेकाताईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात वॉर्ड नव्हता.

"येते. पण पावसाळ्यात गाडीचा निर्णय माझा. आणि तुमच्या बोर्डावर दोन खुर्च्या आमच्या बायकांच्या. कोरम त्यांच्याशिवाय धरायचा नाही."

मी मांडायला उठत होतो, पण गॉर्डनने आधीच मांडलं. हात वर गेले, सगळेच्या सगळे. ताईंनी हात मोजले, पण 'मंजूर' म्हणाल्या नाहीत. त्या पडद्याकडे वळल्या.

"एस्तेर, तुला मान्य आहे?"

"मान्य," ती म्हणाली. "फक्त, या वेळी नियम लिहिणार कोण?"

माझ्याकडे कुणीही बघितलं नाही. सगळे छताकडे, खिडकीकडे, ट्रेडमिलच्या भिंतीकडे बघत होते. मी पेनाचं टोपण लावलं आणि पेन रिबेकाताईंच्या पुढ्यात सरकवलं.

"पावसाळ्यात गाडीचा निर्णय एस्तेरचा," त्यांनी एका ओळीत लिहिलं, आणि कागद वाचून दाखवला. त्यात एकही शब्द कापायला जागा नव्हती. मी बराच वेळ शोधत होतो.